व्हायोलिन सोडून व्हायोला घ्यावा का?

वसईहून एका पालकांनी विचारले आहे: "मुलगी अकरावीत आहे. आठ वर्षे व्हायोलिन शिकते आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची सातवी ग्रेड उत्तीर्ण आहे. तिला सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवायचे आहे. शिक्षक म्हणतात की व्हायोलाला स्पर्धा कमी आहे, तो घ्या. घ्यावा का? त्यावर चरितार्थ चालेल का?"

सप्रेम नमस्कार.

शिक्षकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनसारखेच पण थोडे मोठे आणि खालच्या स्वराचे वाद्य, वाजवणारे कमी असतात, पण जागाही कमीच असतात. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिला आणि दुसरा असे व्हायोलिनचे दोन्ही गट मिळून तीसच्या आसपास व्हायोलिनवादक बसतात, व्हायोलावादक मात्र दहा-बाराच. निवडीची पहिली फेरी बहुधा पडद्याआडून होते. तिथे स्टामिट्स किंवा हॉफमाइस्टर या संगीतकारांचा डी मेजरमधला कन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांतले अवघड उतारे वाजवावे लागतात.

व्हायोला म्हणजे नुसते मोठे व्हायोलिन नव्हे. त्याच्या तारा पंचमाने खाली लावलेल्या असतात, स्वरलिपी आल्टो क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनपेक्षा वेगळ्या स्वरचिन्हाने, वाचावी लागते, आणि वाद्याचे एकच ठरलेले माप नसल्यामुळे पंधरा ते साडेसोळा इंचांमधले कोणते आपल्या हाताला व खांद्याला झेपेल, हे प्रत्येकाला स्वतः पाहावे लागते. ही निवड चुकली की मान आणि खांदा दुखावतो. याहून मोठा प्रश्न स्वभावाचा आहे. मुख्य धून बहुतेक वेळा व्हायोलिनकडे असते आणि व्हायोला मधला स्वर भरत राहतो, जो श्रोत्याला वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला तर पोकळी लगेच जाणवते. थोर जर्मन संगीतकार बेटोफेनने तरुणपणी बॉनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात हेच वाद्य वाजवले होते आणि त्याच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग व्हायोला व चेलोच सुरू करतात. असे प्रसंग मात्र थोडे.

आता चरितार्थाविषयी. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवातला मंच आठवतो. पाश्चात्त्य पद्धतीचा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणून नाव घ्यावे असा एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, आणि त्यातही अनेक वादक परदेशातून येतात. गोव्याच्या वादकांना पूर्वी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात नियमित काम मिळे, पण सिंथेसायझर आल्यापासून ते फार आटले. म्हणून बाहेर जाण्याची तयारी धरावी लागेल. जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणारे सुमारे १३० ऑर्केस्ट्रा आहेत, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग वगळता तेथील बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नसते. प्रवेश मात्र वादनपरीक्षेवरच मिळतो, जर्मन भाषा यावी लागते, आणि नोकरी लागल्यावरही साधारण वर्षभर उमेदवारी करून सहवादकांची पसंती मिळवावी लागते. शिकवणी हा आधार बहुतेकांना सोबत ठेवावाच लागतो.

माझा सल्ला असा, की व्हायोलिन सोडू नये, व्हायोला लगेच विकत घेऊ नये. एखादा उसना किंवा भाड्याने मिळवून बारावी होईपर्यंत दोन्ही वाद्ये चालू ठेवावीत आणि मगच ठरवावे. आपल्या पत्रात शिक्षकांचे मत आहे, आपली काळजीही आहे. परंतु मुलीने व्हायोला एकदा तरी हातात घेतला आहे का आणि त्याचा आवाज तिला आवडला का, याविषयी एक ओळही नाही. पुढचे पत्र तिलाच लिहू द्यावे.