प्रसूतीच्या वेळी बाळाचे ठोके दाखवणारं मशीन कितपत भरवशाचं असतं?

ग्राफ बिघडला म्हणून घाईघाईने सिझर केलं, बाळ मात्र खणखणीत रडलं, मग मशीन खोटं होतं का, असं तुम्ही विचारलंय. असं सर्रास होतं. सीटीजी (म्हणजे हेच मशीन आणि त्याचा ग्राफ) चांगला दिसला तर बाळ बहुतेक वेळा ठीकच असतं. बिघडलेला दिसला तरी पुष्कळदा ठीकच असतं.

पण लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून आयुष्य काढलेल्या माझा राग आहे तो चांगल्या दिसणाऱ्या ग्राफवर. एका रात्री एक पहिलटकरीण जोर काढत होती. स्क्रीनवर 130-140, डॉक्टर खूश. मला खटकलं ते हे, की प्रत्येक कळेला आकडा वर चढत होता. जोर काढताना बाळाचं डोकं दाबलं जातं, ठोके सहसा खाली येतात. चढतात ते आईचे! तिच्या मनगटावर बोटं ठेवली, तर मशीनचा ठोका आणि नाडी अगदी बरोबरीने. पोटावर बांधलेला, ठोके टिपणारा प्रोब सरकून आईचेच ठोके मोजत होता. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ग्राफ नॉर्मल आहे, उगाच घाबरवू नका." मी ऐकलं नाही. प्रोब खाली ओटीपोटाकडे नेला तर 80, आणि कळ ओसरली तरी वर येईना. व्हॅक्यूम लावून बाळ काढलं. आधी निपचित, मग रडलं. केस पेपरवर काय लिहिलं? "ठोके अचानक घसरले." अचानक म्हणे!

सतत सीटीजी लावणं आणि डॉपलर या हातात धरायच्या छोट्या यंत्राने थांबून थांबून ऐकणं (दर 15 मिनिटांनी, जोर काढताना दर 5 मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर) यांची तुलना झालेली आहे. सीटीजीमुळे नवजात बाळांना येणाऱ्या फिट्स साधारण निम्म्यावर आल्या, पण मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारं अपंगत्व) काही घटली नाही. सिझर मात्र वाढले. शिवाय ग्राफची एकच पट्टी दोन डॉक्टरांना दाखवली तर दोन मतं निघतात.

हां, कळांचं सलाईन चालू असेल, बाळाने पोटात शी केली असेल, आईचं बीपी वाढलं असेल तर सीटीजी लावायलाच हवा. आणि तुमचं सिझर नको होतं असंही मी म्हणत नाही, पट्टी न बघता ते कोणीच सांगू नये.

डॉक्टरमंडळी वाचत असतील तर आईच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावत जा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात, सिस्टरशी हुज्जत घालावी लागत नाही.