लॅश लिफ्टनंतर मस्कारा : लावताना नाही, काढताना सांभाळा

लग्नसराई आणि ऊन एकदमच आल्याने यावेळी बहुतेक पत्रं पापण्यांबद्दलच आली आहेत. लॅश लिफ्ट म्हणजे पार्लरमध्ये रसायन लावून पापण्यांचे केस वर वळवून घेणं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझी हळद शुक्रवारी आणि लग्न शनिवारी आहे. पार्लरवाल्या ताई म्हणतात, गुरुवारी संध्याकाळी लॅश लिफ्ट करू, म्हणजे एकदम ताजी दिसेल. शनिवारी मस्कारा लावला तर चालेल ना? (जुळे सोलापूर)

शनिवारच्या मस्काऱ्याची अडचण नाही, अडचण शुक्रवारच्या हळदीची आहे. लिफ्टमध्ये दोन द्रावणं वापरतात. पहिल्यात बहुधा थायोग्लायकोलेट किंवा सिस्टिअमीन असतं. ते केसाच्या केराटिनमधले गंधकाचे बंध सैल करतं आणि केस सिलिकॉनच्या पट्टीवर वळतो. दुसरं द्रावण हे बंध नव्या आकारात पुन्हा जुळवतं. यातलं बरंचसं काम पार्लरमध्येच होतं, तरी पहिले 24 तास, आणि शक्य असेल तर 48 तास, पाणी, वाफ, तेल आणि चोळणं टाळायला सांगतात. हळदीत नेमकं हेच सगळं होतं. तेलात कालवलेली हळद चेहऱ्याला लागते, काकू-मावश्या प्रेमाने गाल चोळतात, मग गरम पाण्याने अंघोळ. पापण्या एका बाजूला वाकल्या तर शनिवारी त्या सरळ करायला वेळच उरणार नाही.

लिफ्ट हळदीच्या पाच ते सात दिवस आधी करून घ्या. त्याच्याही किमान 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला द्रावणाची आणि चिकटवायच्या गोंदाची चाचणी करायला सांगा. चाचणीत खाज, लाली किंवा सूज आली तर लिफ्टचा विचार सोडा. डोळ्याभोवतीची कातडी कानामागच्या कातडीहून नाजूक असते, तिथे तीच रिअॅक्शन जास्त जोरात येते.

लग्नाच्या दिवशी मस्कारा लावताना ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून जवळजवळ कोरडा करा. लिफ्ट झालेल्या पापणीला मुळातून वर उचलायची गरज नसते, ती आधीच वर असते. त्यामुळे केसाच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत एकच पातळ हात द्या. दुसरा हात फक्त बाहेरच्या कोपऱ्यातल्या केसांना. मुळाशी ब्रश नागमोडी फिरवायची सवय असेल तर लिफ्टनंतर ती सोडा. मुळाशी जमलेलं मेण वजनाने केस खाली ओढतं, आणि काढताना चोळावंही तिथेच लागतं. कर्लर वापरू नका. वळलेला केस त्यात दाबला की मधोमध काटकोनात मोडल्यासारखा दिसतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, दुपारी साधा मस्कारा डोळ्यांखाली उतरतो. वॉटरप्रूफ घ्यावा तर लिफ्ट जाते म्हणतात. मग करायचं काय? (होटगी रोड)

साधा मस्कारा उतरण्याचं कारण घामाइतकंच पापणीचं तेलही आहे. दोन्ही पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. उन्हात ते तेल पातळ होतं आणि मस्काऱ्यातलं मेण सुटतं. वॉटरप्रूफ टिकतो, पण तो पाण्याने निघत नाही. तेलकट रिमूव्हर लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण घासतो.

तेलाने लिफ्ट उतरते हे अर्धंच खरं. पक्के झालेले गंधकाचे बंध तेल तोडत नाही. पहिले दोन दिवस गेल्यावर थोडंसं तेल लागल्याने पापण्या सरळ होणार नाहीत. नुकसान करतो तो कापूस. रोज रात्री आडवा-उभा घासला की वळलेले केस मुळाशी वाकतात, गळायच्या बेताला आलेले लवकर निसटतात, आणि लिफ्ट तीन आठवड्यांत गेली असं वाटतं.

रोजच्या वापराला ट्यूबिंग मस्कारा घ्या. त्यातलं पॉलिमर प्रत्येक केसाभोवती नळीसारखं आवरण करतं. ते तेलाला आणि घामाला सहसा दाद देत नाही, पण कोमट पाण्यात भिजल्यावर सुटतं. काढताना काळे दोरे बोटांवर आले तर घाबरू नका, ती आवरणं आहेत, पापण्या नाहीत. पाठवणीला थोडंफार रडू आलं तरी तो सहसा टिकतो.

वॉटरप्रूफ लग्नासारख्या एखाद्या दिवसापुरता ठेवा, आणि काढायचा असा : दोन थरांचा (तेल आणि पाणी वेगळं दिसणारा) रिमूव्हर हलवून कापसाचा चपटा पॅड ओला करा. डोळा मिटून त्यावर 20 ते 30 सेकंद पॅड नुसता धरा, दाबू नका. मग पॅड सरळ खाली ओढा, एकदाच. राहिलेला काळा अंश ओल्या इअरबडने, खालच्या पापणीखाली दुसरा कोरडा पॅड धरून काढा. तेलकटपणा राहिला तर डोळ्यांसाठीच्या सौम्य क्लीन्झरने धुवा आणि टॉवेलने टिपा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा पांढरा थर पापण्यांच्या कडेला राहतो, म्हणून साधा साबण तर नकोच.

कोरड्या झाल्यावर स्वच्छ स्पूलीने (पापण्या विंचरायच्या छोट्या ब्रशने) एकदा वर विंचरा. एवढ्यावर सहा ते आठ आठवडे निघतात. त्यानंतर जे उरतं ते लिफ्टचं नसतं, नव्याने आलेले सरळ केस असतात.

प्रश्न : मी गारमेंट युनिटमध्ये ओव्हरलॉक शिलाई मशीनवर बसते. दिवसभर कापसाची लव पापण्यांवर बसते, मस्कारा लावला तर जास्तच. लिफ्ट करावी का? (अक्कलकोट रोड)

लिफ्ट करा, कामावर मस्कारा नको. ओला मस्कारा लव धरून ठेवतो आणि ती डोळ्यात जाते. लिफ्टमुळे मस्काऱ्याशिवायही पापण्या दिसतात, तुम्हाला तोच फायदा. पण दुपारी डोळे चोळायची सवय असेल तर पैसे वाया जातील. चुरचुरलं तर स्वच्छ पाण्याने डोळे धुवा.

प्रश्न : आई म्हणते रात्री एरंडेल लाव, पापण्या दाट होतील. काजळही घरचंच घाल म्हणते. दोन्ही लिफ्टनंतर चालतील का? (बाळे)

एरंडेलाने पापण्या वाढतात याला पक्का आधार नाही. केसाला चकाकी येते, त्यामुळे दाट झाल्यासारखं वाटतं. लावायचंच असेल तर पहिले दोन दिवस सोडून, स्वच्छ स्पूलीच्या टोकाला जेमतेम लागेल एवढं, आणि केसांच्या टोकांनाच. मुळाशी लावलेलं तेल रात्रीतून डोळ्यात उतरतं, सकाळी नजर धूसर वाटते.

काजळाने लिफ्टचं काही बिघडत नाही. पण डोळ्याच्या आतल्या कडेवर घातलं तर ते थेट त्या तेलग्रंथींच्या तोंडावर बसतं, मग घरचं असो की दुकानातलं. पापण्यांच्या बाहेर रेघ काढा. सुरमा मात्र अजिबात नको, पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं.

खरोखर पापण्या वाढवणारं औषध म्हणजे बायमॅटोप्रोस्ट 0.03 टक्के. अमेरिकेत पापण्यांसाठी त्याला 2008 मध्ये मान्यता मिळाली. ते मुळात काचबिंदूचं औषध आहे. पापणीची कातडी काळवंडणं, डोळे लाल होणं, क्वचित बुबुळाचा रंग कायमचा गडद होणं असे परिणाम होतात, आणि बंद केलं की पापण्या पूर्ववत होतात. नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिल्याशिवाय ते घेऊ नका.

प्रश्न : लिफ्ट करून चार दिवस झाले. काही केस आकड्यासारखे मागे वळलेत, काही टोकाला कुरळे आणि कोरडे. पार्लरवाली म्हणते पुन्हा एकदा करून सरळ करते. (विजापूर रोड)

करू देऊ नका. आकड्यासारखे केस म्हणजे बहुधा तुमच्या पापणीच्या लांबीला पट्टी फार लहान घेतली. टोकं कुरळी आणि राठ होणं म्हणजे द्रावण टोकापर्यंत लावलं किंवा जास्त वेळ ठेवलं. पहिलं द्रावण मुळापासून अर्ध्या ते दोनतृतीयांश केसापर्यंतच लावायचं असतं, कारण टोक सगळ्यात बारीक आणि जुनं. वेळही केसाच्या जाडीप्रमाणे कमी-जास्त होतो, बारीक केसाला कमी. आधीच शिजलेल्या केसाला चार दिवसांत पुन्हा रसायन लावलं तर तो तुटतो.

आता मस्कारा आणि रंग दोन्ही थांबवा. पापण्यांसाठीचं केराटिन किंवा पॅन्थेनॉलचं कंडिशनर स्पूलीने लावा. त्याने केस दुरुस्त होत नाही, फक्त मऊ पडतो. वाकडे केस कापू नका, उपटूही नका. पापणीचं केस बदलायचं चक्र काही महिन्यांचं असतं, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत बराच फरक पडतो. पुढची लिफ्ट आठ आठवड्यांच्या आत नको, तुमच्या बाबतीत तर बारा धरा.

प्रश्न : मस्कारा सुकला की दोन थेंब पाणी घालून चालवते. बहिणीशीही वाटून वापरते. काही होतं का? (नवी पेठेजवळ)

होतं. पाण्याने आतलं जंतुरोधक पातळ होतं, मग जंतू वाढतात. ब्रश बाटलीत वर-खाली पंप केल्यानेही हवा जाते आणि मस्कारा लवकर सुकतो. ब्रश आतच गोल फिरवून बाहेर काढा. उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्या, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा. बहिणीला तिचा वेगळा घ्या. घेताना सील, बॅच क्रमांक आणि वापरायची मुदत बघा. परदेशी मालावर आयातदाराचा पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक असायला हवा.

डोळे आले किंवा रांजणवाडी झाली तर चालू मस्कारा टाकूनच द्या, बरं झाल्यावर नवा उघडा. रांजणवाडी फोडू नका. कोमट, स्वच्छ कापडाचा शेक पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. आधी मस्कारा की आधी लेन्स? (सात रस्ता)

आधी लेन्स, मग मस्कारा. रात्री आधी लेन्स काढा, मग मस्कारा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि टाकीत साठतं. ते पाणी लेन्सला किंवा लेन्सच्या डबीला लागू देऊ नका, त्यातल्या अमीबामुळे होणारा बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा (कॉर्नियाचा) संसर्ग हट्टी असतो. लिफ्टला जाताना लेन्स काढून, डबी आणि चष्मा बरोबर घेऊन जा, आणि त्या दिवशी पुन्हा घालू नका.

ब्रश डोळ्याला लागला तर चोळू नका, लेन्स लगेच काढा. पारदर्शक पटलावर ओरखडा गेला आणि त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू शिरले तर एक-दोन दिवसांतही नजरेला धोका होतो. दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घेऊ नका, आणि जाताना तो मस्कारा बरोबर न्या.