न बोलावता आलेल्या सिस्टर

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला असते. नात ११ दिवसांची झाली आणि ‘हेल्थ व्हिजिटर’ दारात हजर. कोणी बोलावलं नव्हतं, मग तिला कळलं कसं? शेजारच्या आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करायला येते ती डिस्ट्रिक्ट नर्स हीच का?
— एक आजी, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : ताई, नातीला आशीर्वाद. त्या दोघी वेगळ्या. डिस्ट्रिक्ट नर्स आजाऱ्याची शुश्रूषा करते. लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी पत्नीच्या शेवटच्या आजारात तिची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन यांनाच १८५९ मध्ये गरिबांच्या घरी जायला नेमलं, तिथून हे काम वाढलं. पुढेही कितीतरी वर्षं अशा नर्सेसचा पगार देणग्या-वर्गण्यांतून निघे. हेल्थ व्हिजिटर येते ती बाळ आजारी पडू नये म्हणून.

कळलं कसं, हा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात हजारातली सुमारे १५० बाळं वर्षाच्या आत दगावत. उन्हाळ्यात जुलाबांनी तर फारच. दुधाच्या बाटल्यांना लांब रबरी नळ्या असत, त्या आतून धुताच येत नसत. आईला हे पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं. पण जन्म नोंदवायला मुदत सहा आठवड्यांची! तुमच्या मुलीच्या गावचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी १९०४ मध्ये लाँगवूड भागात जन्मणारं जे बाळ वर्षाचं होईल त्याला १ पौंड देण्याचं वचन दिलं आणि घरभेटीही सुरू करवल्या. १९०७ च्या कायद्याने जन्माची खबर ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला देणं आलं. आधी नगरपालिकेने तो कायदा स्वीकारला असेल तिथेच, १९१५ पासून सगळीकडे. अशा खबरेमुळेच हेल्थ व्हिजिटर न बोलावता दारात येते.

मी स्वतः सिस्टर म्हणून ठाण्यातल्या किसननगरच्या चाळींतून १९ वर्षं घरभेटी केल्या. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यापर्यंत सुनेचं नाव माझ्या वहीत, मग ती जुन्नरला. बाळाची नोंद तिकडे, आणि तीन महिन्यांनी ते इकडे आलं की कुठल्याच सिस्टरच्या वहीत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून ठेवलं होतं, कोणी ग्राइप वॉटर मागितलं की खोली नंबर विचारून ठेव. एका पावसाळ्यात त्याच्यामुळेच चार महिन्यांचं बाळ सापडलं. जन्मानंतरच्या लशीपुढे एकही लस नाही, बाटलीच्या निपलला आंबूस वास. आई एकोणीस वर्षांची, घाबरलेली. तिला रागावले नाही. स्टोव्ह पेटवून वाटी-चमचा उकळून दाखवला, आणि बाळाला पुन्हा अंगावर कसं घ्यायचं ते शेजारी बसून शिकवलं. आठवडाभर रोज गेले.

तुमच्या मुलीला बाळाच्या नोंदींचं लाल पुस्तक मिळालं असेल. ठाण्याला येताना ते आठवणीने आणायला सांगा. कोणती लस झाली, कोणती राहिली, हे इथल्या सिस्टरला त्यावरूनच कळेल.