वाचकांचे प्रश्न : दुर्मीळ म्हणजे संकटग्रस्तच का?

प्रश्न : एखादी वनस्पती जगात एकाच कड्यावर उगवते. मग तिला आपोआप संकटग्रस्त धरायचं का?

उत्तर : नाही. वनस्पती किती आहे आणि ती नष्ट होण्याची शक्यता किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वनस्पतींच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये दुर्मीळपणाचे सात प्रकार मांडले. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या : प्रसार केवढा, अधिवास किती ठरावीक आणि जिथे आहे तिथे संख्या किती. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी मात्र नष्ट होण्याचा धोका मोजते आणि त्यानुसार श्रेणी देते. कड्यावर ती वनस्पती हजारोंनी असेल आणि तिथे खाण, चराई, वणवा यांपैकी काहीच पोहोचत नसेल, तर ती 'कमी चिंता' या श्रेणीतही बसू शकते. अपवाद अगदी लहान संख्येचा. प्रौढ झाडं १००० पेक्षा कमी असतील तर 'असुरक्षित', २५० पेक्षा कमी असतील तर 'संकटग्रस्त' आणि ५० पेक्षा कमी असतील तर 'अतिसंकटग्रस्त'. इथे घट दाखवावी लागत नाही. रोपं आणि मातीतलं बी या मोजणीत धरत नाहीत.

प्रश्न : जंगलातली झाडं मोजणं शक्य नसेल तर श्रेणी कशी ठरवतात?

उत्तर : वनस्पतींच्या बाबतीत बहुतेक वेळा हीच अडचण असते, म्हणून लाल यादीच्या निकषांपैकी प्रसारावर आधारलेला 'बी' (B) निकष सर्वांत जास्त उपयोगी पडतो. एक काल्पनिक झुडूप घेऊ. वनस्पतिसंग्रहालयांत त्याच्या ९ नोंदी आहेत. आधी नोंदी गाळायच्या : एक नमुना बागेतला निघाला, एकाचं ठिकाण नकाशावर सापडत नाही. उरल्या ७. सर्वांत बाहेरचे बिंदू जोडून बहुभुज काढला, क्षेत्र आलं ३,८०० चौ. किमी, हा झाला प्रसाराचा विस्तार. मग २ किमी बाजूच्या चौकटींची जाळी टाकली. बिंदू ६ चौकटींत पडले, प्रत्येक चौकट ४ चौ. किमी, म्हणजे व्यापलेलं क्षेत्र २४ चौ. किमी.

'संकटग्रस्त'साठी विस्तार ५,००० किंवा व्यापलेलं क्षेत्र ५०० चौ. किमीपेक्षा कमी लागतं. पण नुसता आकडा पुरत नाही. तीनपैकी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : ठिकाणं ५ किंवा कमी (किंवा वनस्पतीचे गट तुकड्या-तुकड्यांत विभागलेले), सतत घट, आणि टोकाचे चढउतार. इथेच सर्वाधिक चुका होतात. 'ठिकाण' म्हणजे जीपीएसचा बिंदू नव्हे. एकाच घटनेने एकदम बाधित होईल तो भाग. आपल्या सातांपैकी तीन बिंदू एकाच प्रस्तावित धरणाच्या बुडिताखाली जाणार असतील तर ते मिळून एक ठिकाण. उरलेले चार वेगवेगळे, एकूण ५. अधिवासाची घट चालू असल्याचा पुरावा असेल तर झुडूप 'संकटग्रस्त'. तो पुरावा नसेल आणि टोकाचे चढउतारही नसतील, तर 'बी' निकष लागत नाही, मग आकडा कितीही लहान असो.

दुसरी नेहमीची चूक जाळीची. १ किमीची चौकट वापरली की क्षेत्र कृत्रिमरीत्या घटतं आणि श्रेणी चढते, म्हणजे धोका आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून २ किमी हेच माप धरायचं. आणि बहुभुजाचं क्षेत्र चौकटींच्या क्षेत्रापेक्षा लहान आलं, तर विस्तार चौकटींच्या क्षेत्राएवढाच लिहायचा.

प्रश्न : लाखोंनी लागवड होणारं झाड लाल यादीत कसं?

उत्तर : कारण मोजमाप मूळ प्रदेशातल्या रानटी झाडांचं होतं. पायनस रेडिएटा हा पाइन वृक्ष न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात अफाट प्रमाणात लावला जातो. रानात मात्र तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तीन जागी आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवरच आहे, म्हणून 'संकटग्रस्त'. याचं टोक म्हणजे एन्सेफॅलार्टोस वूडी हे सायकॅड गटातलं झाड. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्गोये जंगलात त्याचं एकच नर झाड सापडलं. आज बागांत असलेली सगळी झाडं त्याच्याच फुटव्यांपासूनची. मादी कधी मिळालीच नाही, त्यामुळे बी धरत नाही. रानात आता एकही झाड उरलेलं नाही, म्हणून श्रेणी 'वन्य अवस्थेतून नामशेष'. लागवड हा संवर्धनाचा पर्याय समजणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

प्रश्न : 'अपुरी माहिती' म्हणजे धोका कमी? आणि यादीत नाव आलं की तोड, व्यापार थांबतो का?

उत्तर : 'अपुरी माहिती' म्हणजे धोका सांगण्याइतकाही आधार नाही, एवढंच. अशी वनस्पती 'अतिसंकटग्रस्त'ही असू शकते. ती सर्वेक्षणात मागे टाकू नका.

लाल यादी कायदा नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी १९७५ पासून लागू असलेला साइटिस करार आहे आणि त्याची परिशिष्टं, म्हणजे व्यापारावर बंधनं असलेल्या प्रजातींच्या याद्या, वेगळ्या कसोटीवर ठरतात. ऑर्किडचं जवळपास सगळं कुळ दुसऱ्या परिशिष्टात आहे, काही प्रजाती पहिल्यात, मग त्यातल्या एखाद्या प्रजातीला लाल यादीनुसार धोका असो वा नसो. शिवाय लाल यादीतली श्रेणी पाहताना मूल्यमापनाचं वर्षही पाहा : १० वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते कालबाह्य धरतात. धोका वाढल्याचं दिसलं की श्रेणी लगेच चढवतात. उतरवायला मात्र वरच्या श्रेणीचा एकही निकष किमान ५ वर्षं लागू नसावा लागतो.