पिट्सबर्गला येण्याआधी मुलांना सांगायच्या बेसबॉलच्या गोष्टी

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ऑगस्टमध्ये नाशिकहून अमेरिकेत पिट्सबर्गला यायचं ठरलंय, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा आणि पक्का क्रिकेटवेडा. तिथल्या शाळेत पोरं बेसबॉलचं बोलणार आणि आपली मुलं गप्प बसणार, ही काळजी तुम्हाला आहे. म्हणून रात्री झोपताना सांगता येतील अशा गोष्टी तुम्ही विचारल्यात. घर, शाळा, आरोग्यविमा यांवर तुम्हाला बाकीच्यांनी भरपूर सांगितलंय, मी फक्त गोष्टींचंच लिहिते.

नियम शिकवत बसू नका. धाकट्याला एवढंच सांगा: चेंडू टप्पा न पडता येतो, तीनदा हुकलास की बाद, झेल पकडला गेला की बाद, आणि चार बेसना, म्हणजे मैदानावरच्या चार ठरलेल्या जागांना, वळसा घालून जिथून निघालास तिथे परत आलास की एक धाव. मैदानाचा पुढचा चतकोर तेवढा खेळाचा, कट मारून मागे गेलेल्या चेंडूवर काही मिळत नाही. बाकीचं तो मैदानावर बघून आठवडाभरात तुम्हालाच शिकवेल.

पहिली गोष्ट रॉबर्टो क्लेमेंटे या पिट्सबर्गच्या खेळाडूची सांगा. तुम्ही ज्या गावी येताय त्याची ही स्वतःची गोष्ट आहे. शहराच्या मध्यवस्तीतून नदीपलीकडच्या स्टेडियमकडे जाणाऱ्या पिवळ्या पुलाला त्याचंच नाव आहे. सामन्याच्या दिवशी त्या पुलावर गाड्या बंद असतात आणि सगळं गाव चालत पलीकडे जातं. स्टेडियमची उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवर 21 आकडा होता. मुलांना आधी हे सांगून ठेवा, मग पहिल्यांदा त्या पुलावरून जाताना ती काय म्हणतात ते बघा.

क्लेमेंटे 1934 साली पोर्टो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावर, कॅरोलिना गावात जन्मला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. 1955 मध्ये तो पिट्सबर्गच्या पायरेट्स संघात आला आणि शेवटपर्यंत त्याच संघात राहिला. रंगाने काळा, बोलणं स्पॅनिश वळणाचं इंग्रजी. वर्तमानपत्रवाले त्याचे उच्चार जसेच्या तसे छापून त्याची थट्टा करायचे. रॉबर्टो म्हणायला जड जातं म्हणून समालोचक त्याला बॉब म्हणायचे, खेळाडूंच्या कार्डांवरसुद्धा कित्येक वर्षं 'बॉब क्लेमेंटे' असंच छापलं गेलं. तो मात्र सांगत राहिला की माझं नाव रॉबर्टो आहे. ताई, हा भाग मुलांना सावकाश सांगा. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्रेमानेच विचारेल, तुझं नाव छोटं करून काही म्हणू का? तेव्हा मुलांच्या मनात ही गोष्ट असू द्या.

1971 मध्ये पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली आणि त्या मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. सामना संपल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने आधी स्पॅनिशमधून बोलायची परवानगी घेतली, मुलांना आशीर्वाद दिला आणि आईवडिलांकडे स्वतःसाठी आशीर्वाद मागितला. सगळा देश इंग्रजीत ऐकत होता आणि हा माणूस आपल्या आईशी आपल्या भाषेत बोलला. आपल्यासारख्यांच्या घरात ही गोष्ट माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

पुढचा भाग मोठीसाठी. धाकट्याला थोडा मोठा झाल्यावर सांगा, झोपताना तर नकोच. 30 सप्टेंबर 1972 ला क्लेमेंटेने तीन हजारावी हिट मारली. (चेंडू मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोचला की ती हिट.) त्याच डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंटेने घरोघरचं सामान गोळा करून विमानांनी पाठवलं, पण ते मधल्या मधे लुबाडलं जातंय, गरजूंपर्यंत पोचत नाही, असं त्याच्या कानावर आलं. मी बरोबर असलो तर कुणी हात लावणार नाही, म्हणून 31 डिसेंबरला तो स्वतः विमानात बसला. क्षमतेपेक्षा जास्त भरलेलं ते जुनं विमान सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देह कधीच सापडला नाही. त्याचा जिवलग दोस्त, पायरेट्सचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) मॅनी सांगियेन प्रार्थनासभेला गेला नाही, तो त्या वेळी पाण्यात बुड्या मारून मित्राला शोधत होता. खेळाडूला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेण्याआधी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा नियम आहे. क्लेमेंटेसाठी तो बाजूला ठेवला आणि 1973 मध्येच त्याला घेतलं. एकूण हिट्स? बरोबर तीन हजार.

धाकट्यासाठी आता हलक्या गोष्टी. शिकागोच्या बोकडाची सांगा. 1945 च्या वर्ल्ड सिरीजला एक खाणावळवाला आपला पाळलेला बोकड घेऊन शिकागो कब्सच्या रिगली फील्ड मैदानावर आला. बोकडाला प्रवेश नाकारला. रागावलेल्या मालकाने शाप दिला म्हणतात, आणि कब्स संघ त्यानंतर थेट 2016 पर्यंत वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलाच नाही. 2016 मध्ये मात्र जिंकले, तेही सातव्या, निर्णायक सामन्यात, मध्येच पाऊस येऊन, जादा इनिंगमध्ये. शापावर विश्वास ठेवा नका ठेवू, 7 वर्षांच्या मुलाला बोकड पुरतो.

जिम ॲबटची गोष्ट त्याला करून बघता येईल. मिशिगनमधल्या या मुलाला जन्मतः उजवा पंजा नव्हता. तो डाव्या हाताने चेंडू टाकायचा, तोवर ग्लोव्ह उजव्या मनगटाच्या टोकाला टेकवलेला असायचा. चेंडू सुटला की निमिषात डावा हात ग्लोव्हमध्ये, परत आलेला चेंडू पकडायला तयार. लहानपणी घराच्या विटांच्या भिंतीवर चेंडू आपटून आपटून त्याने ही सवय केली. 4 सप्टेंबर 1993 ला न्यूयॉर्क यँकीजकडून क्लीव्हलँडविरुद्ध त्याने अख्खा सामना टाकला आणि एकाही फलंदाजाला हिट मिळू दिली नाही. मुलाला एका हाताने हे करायला सांगा, किती अवघड आहे ते त्याचं त्यालाच कळेल.

तुमच्या क्रिकेटवाल्याला आणखी एक सांगा: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. हा आपला षटकार मारणारा रिंकू नव्हे. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेक करायचे, बेसबॉल कधी खेळलेही नव्हते. 2008 मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकायची एक स्पर्धा झाली, त्यातून निवडून त्यांना अमेरिकेत आणलं आणि करार केला तो पिट्सबर्ग पायरेट्सनीच. मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. तेही सांगा, लपवू नका. परक्या देशात येऊन, भाषा येत नसताना, नवा खेळ शिकून रिंकू खालच्या लीगमध्ये काही हंगाम खेळला, ही काही छोटी गोष्ट नाही.

मुलीला कॅथरिन जॉन्स्टनची गोष्ट आवडेल. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात मुलांच्या लिटल लीगमध्ये मुलींना जागा नव्हती. हिने लांब वेण्या कापल्या, टोपी घातली, टबी असं मुलाचं नाव सांगितलं आणि संघात निवडून आली. नंतर तिने खरं सांगितलं तरी प्रशिक्षकांनी तिला ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी मात्र मुलींवर बंदीचा नियमच निघाला आणि तो 1974 पर्यंत राहिला. त्याला जोडूनच मोने डेव्हिसची सांगा. 2014 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघातून खेळणारी 13 वर्षांची ही मुलगी लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये समोरच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकून देणारी पहिली मुलगी ठरली. ही स्पर्धा आपल्याच पेनसिल्व्हेनियात, विल्यम्सपोर्टजवळ, दर ऑगस्टमध्ये होते आणि प्रवेश फुकट असतो. पिट्सबर्गहून गाडीने जाऊन येण्यासारखं आहे. सामान लागायच्या आधीच जमलं तर जाऊन या, जगभरातली तुमच्या मुलीच्याच वयाची पोरं खेळताना दिसतील.

काळ्या खेळाडूंच्या गोष्टी टाळू नका. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तोवर कित्येक दशकं मोठ्या लीगची दारं काळ्यांना बंद होती. दर 15 एप्रिलला सगळे खेळाडू त्याचा 42 आकडा घालतात आणि शाळेत त्या दिवशी यावर बोलणं निघतंच. पण पिट्सबर्गच्या मुलांना जॉश गिब्सन माहीत हवा. वडील इथल्या पोलाद कारखान्यात कामाला आले म्हणून तो जॉर्जियातून इथे आला, इथल्याच कृष्णवर्णीय संघांतून खेळला आणि रॉबिन्सनला दार उघडलं त्याच्या तीन महिने आधी, 35 व्या वर्षी गेला. 2024 मध्ये त्या कृष्णवर्णीय लीगचे आकडे मुख्य नोंदींत धरले गेले, तेव्हा आजवरच्या सगळ्या फलंदाजांत सर्वांत वरची सरासरी गिब्सनची निघाली: .372, म्हणजे हजार प्रयत्नांमागे 372 हिट्स. मुलं विचारतील, असं का वागवायचे? तेव्हा पळवणकर बाळूंची गोष्टही त्याच बैठकीत सांगा. पुण्यात संघाला जिंकून देणाऱ्या या दलित गोलंदाजाला चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही जातीमुळे त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद दिलं नाही. हे फक्त अमेरिकेत घडलं असं मुलांना वाटायला नको.

बेब रूथच्या गोष्टी मी मुद्दाम सोडल्यात, त्या शाळेत आपोआप कानावर पडतील.

इथे आल्यावर कार्नेगी लायब्ररीचं कार्ड काढा, रहिवाशांना ते फुकट आहे. मुलांच्या विभागात खेळाडूंची सचित्र चरित्रं मिळतात. ओकलंडमधल्या मुख्य लायब्ररीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर जुन्या फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. 13 ऑक्टोबर 1960 ला तिथे वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, समोर यँकीज, नववी म्हणजे शेवटची इनिंग, 9-9 बरोबरी. बिल मॅझेरॉस्कीने होम रन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला आणि पायरेट्स जिंकले. दर वर्षी त्या तारखेला लोक त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओवरचं मूळ समालोचन अशा वेळेला लावतात की होम रन बरोबर 3 वाजून 36 मिनिटांनी ऐकू येतो. आजोबा नातवंडांना घेऊन येतात. तुम्हीही जा, अनोळखी माणसं आपणहून बोलतील आणि तुमच्या मुलांना पुढच्या गोष्टी सांगतील.

राहिलं सामानाचं. लिटल लीगची मुख्य नोंदणी बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात होते, खेळ वसंतात, तेव्हा जानेवारी लागला की चौकशी सुरू करा. ग्लोव्ह भारतातून आणू नका, इथे वापरलेल्या खेळसाहित्याच्या दुकानांत स्वस्तात मिळतो आणि मऊ झालेला असतो. फक्त मुलगा चेंडू कुठल्या हाताने फेकतो ते बघून ठेवा. ग्लोव्ह दुसऱ्या हातात घालायचा असतो आणि डावखुऱ्यांचा वेगळा मागावा लागतो.