आपली पॉपी कुठलीय?

लाडक्या मनूस,

काल शाळेतून आल्या आल्या जॅकेटची पॉपी (लढाईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी इथे इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात टोचतात ते लाल फूल) काढता काढता तू विचारलंस, "आई, मराठी लोकांची पॉपी कुठलीय गं? की आपण लढाईत मेलेल्यांना विसरूनच जातो?" मी कुकर लावत होते, नंतर सांगते म्हणून टाळलं, पण खरं म्हणजे मला उत्तरच सुचलं नव्हतं. रात्री सुचलं.

तुला आजोळचा तो दगड आठवतो का, मारुतीच्या देवळामागचा, शेंदूर फासलेला, ज्यावर बसून तू पेरू खाल्लास आणि पणजी ओरडली? त्याला वीरगळ म्हणतात. गावासाठी लढताना कुणी मेला की असा दगड उभा करायचे, शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट ही. तो खालून वर वाचायचा, कॉमिकसारखा, फक्त उलटा. सगळ्यात खाली लढाई, कधी बाजूला गाई पण असतात कारण चोर गुरं पळवून न्यायचे आणि ती सोडवताना माणसं मरायची. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, त्याच्या वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय. आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील.

आता गंमत बघ, कीर्ती राहील म्हणतात आणि आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नावच नसतं! तुमच्या शाळेजवळच्या युद्धस्मारकाच्या दगडी क्रॉसवर कशी ओळीने नावं आहेत, ११ नोव्हेंबरला ११ वाजता सगळे गप्प उभे राहतात, कारण १९१८ साली त्या वेळेला पहिलं महायुद्ध थांबलं. आपल्याकडे गप्प राहणं जमत नाही, आपण नारळ फोडतो, हळदकुंकू वाहतो, पण तो कोण होता विचारलं तर पणजीलाही सांगता येत नाही. आणि खोटं कशाला बोलू, काही गावांत वीरगळांवर धुणं पण धुतात.

नावं लिहिलेली पण आहेत हं. साताऱ्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिल्ट्रीच म्हणतात, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले, त्यांचा स्तंभ गावात आहे. आणि कोकणातल्या माणगावजवळचे यशवंत घाडगे, मराठा पलटणीतले, १० जुलै १९४४ ला इटलीत लढता लढता गेले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालं. इटलीत मोंतोने गावी २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं आणि ते चक्क एक सूर्यघड्याळ आहे! वीरगळावरचा सूर्य आठवला ना मला लगेच.

पॉपीसारखं टोचायचं काही हवंच असेल तर ७ डिसेंबरला भारतात ध्वजदिन असतो, १९४९ पासून, लाल, गडद निळा आणि आकाशी असा छोटा झेंडा मिळतो आणि पैसे सैनिकांच्या घरच्यांसाठी जातात. मी लहानपणी तो कंपासपेटीत ठेवून हरवायचे.

अजून एक शब्द शिक, धारातीर्थी पडणे. धार म्हणजे तलवारीची धार, तीच तीर्थ, म्हणजे काशीला न जाता रणांगणावरच पुण्य. शहीद तर बातम्यांत सारखं ऐकतेस, हा शब्द मात्र आजोबांच्या पिढीबरोबर जाईल असं वाटतं, म्हणून सांगून ठेवते.

ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री नावाचं पांढरं संगमरवरी स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इथल्या हॉस्पिटलांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला होता. छत्री १९२१ ची, पण नावं कोरायला २०१० उजाडलं. म्हणजे इतकी वर्षं तीसुद्धा आपल्या वीरगळासारखीच होती बघ, बिननावाची. रविवारी जाऊया, नावं तू मोठ्याने वाच, मी नारळ घेते (फोडायचा नाही, नुसता ठेवायचा, तिथे कुणी रागावलं तर). गाडी वरपर्यंत जात नाही, चालावं लागतं, तेव्हा ते गुलाबी बूट नकोत, वेलीज (ते चिखलातले रबरी बूट) घाल.

तुझी,
आई