उत्तर: 'त्रिंकोमाली'ची पिछाडी फोटोशी का जुळत नाही? आधी साल ठरवा

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. 'एचएमएस त्रिंकोमाली' या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं १:९६ मॉडेल, पैसे भरून मागवलेली ड्रॉइंगची प्रत, आणि आता पिछाडीच्या (म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाच्या) खिडक्या इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या, म्हणजे जिथे ते जहाज आज जपून ठेवलंय तिथल्या, फोटोंशी जुळत नाहीत. प्रत देणारे म्हणतात, "तुम्ही मागितलेलीच शीट पाठवली आहे." हे वाक्य मला तोंडपाठ आहे. मला ते ज्या कार्यालयाने ऐकवलं त्याचं नाव इथे घेत नाही, उगाच वाद नको. पण तुमची शीट चुकीचीच असेल असं नाही, हे आधी सांगतो. ती बहुधा दुसऱ्याच सालातली आहे.

कील कशी बसवायची, फळ्या कशा वाकवायच्या वगैरे लिहीत नाही, तुमच्या फोटोंवरून हात बसलेला दिसतोय. मी इतिहासकार नाही, लाकूड कापणारा माणूस आहे, त्यामुळे खालचं सगळं त्या बेताने घ्या.

मूळ घोळ असा की 'त्रिंकोमाली' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या काळातली जहाजं दडली आहेत.

पहिलं फ्रेंच आहे. जहाजाच्या अंगाच्या रेषा (म्हणजे बाहेरचा आकार) मुळात 'हेबे' या फ्रिगेटच्या, म्हणजे तोफांचा एकच पूर्ण मजला असलेल्या वेगवान युद्धनौकेच्या. आराखडा झाक-नोएल साने यांचा, आणि जहाज १७८२ मध्ये सेंट-मालोला पाण्यात उतरलं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला ब्रिटिशांच्या 'रेनबो'ने ते पकडलं. 'रेनबो' म्हणजे जुनाट ४४ तोफी जहाज, पण प्रयोग म्हणून त्यावर जाडजूड कॅरोनेड (आखूड नळीच्या, जड गोळा मारणाऱ्या तोफा) चढवल्या होत्या. पाठलागात 'रेनबो'च्या पुढच्या बाजूने सुटलेला ३२ पौंडी गोळा 'हेबे'वर येऊन पडला. तेव्हा फ्रेंच कप्तानाने हिशेब केला की एवढा गोळा पुढून मारणारं जहाज म्हणजे मोठी युद्धनौकाच असणार, आणि फारशी झुंज न देता निशाण उतरवलं. ब्रिटिशांच्या हाती कोरी करकरीत १८ पौंडी फ्रिगेट लागली. पुढे ती त्यांच्याच आरमारात चालली, १८०५ मध्ये तिचं नाव 'ब्लाँड' झालं आणि १८११ मध्ये तिची मोडतोड झाली.

१७९६ मध्ये ब्रिटिशांनी याच रेषांवरून 'लेडा' बांधायला सांगितली, ती १८०० मध्ये चॅटमला उतरली. पुढे त्या नमुन्याची चाळीसच्या वर जहाजं झाली. १८१३ मध्ये अमेरिकन 'चेसापीक'ला पकडणारी 'शॅनन' त्यातलीच. गोष्ट साधी होती. तोफांचा पूर्ण मजला एकच आणि तो पाण्यापासून चांगला उंच, त्याच्या खालच्या डेकवर तोफा नाहीत, तिथे माणसं राहायची. समुद्र खवळला की दुमजली जहाजांना खालच्या तोफांच्या खिडक्या बंद कराव्या लागत, फ्रिगेट मात्र बिनधास्त मारत राहायची. फ्रेंच बांधणीबद्दल ब्रिटिशांची तक्रार एवढीच की लाकूडकाम हलकं. म्हणून त्यांनी रेषा घेतल्या आणि आतली बांधणी आपल्या पद्धतीने केली. मॉडेलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. 'हेबे'चं फ्रेंच ड्रॉइंग इंटरनेटवर दिसलं म्हणून त्यातल्या आतल्या फासळ्या जशाच्या तशा उचलू नका.

दुसरं जहाज आपल्या मुंबईचं. 'त्रिंकोमाली'ची ऑर्डर १८१२ च्या ऑक्टोबरातली. ड्रॉइंग 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून मुंबईला निघाली, आणि २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा फडशा पाडला. मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठीचं तांबंही तिच्यावरच होतं. ड्रॉइंग गेली, दुसरा संच पाठवावा लागला. (आपलं पार्सल कस्टममध्ये अडकलं म्हणून रडणाऱ्यांनी हे वाचावं.) शेवटी जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली १८१६ मध्ये काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज उतरलं. लाकूड मलबारी साग. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागाचं तेल उलट त्यांना जपतं. ते आज तरंगतंय त्यामागचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे त्याला काम मिळालं नाही! नेपोलियनची लढाई १८१५ लाच संपली होती. १८१९ च्या एप्रिलात जहाज पोर्ट्समथला पोचलं आणि डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून बांधून ठेवलं. पंचवीसेक वर्षं तसंच. ज्या युद्धासाठी मागवलं, ते युद्ध संपल्यावर जन्मलं.

आणि इथे येतं तिसरं जहाज, ज्याने तुमचा आणि माझा घात केला. १८४५ पासून त्याला कामावर घ्यायचं ठरलं तेव्हा तोफा कमी पण जड केल्या, २६ तोफांची कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा खालच्या दर्जाची युद्धनौका) म्हणून नोंद बदलली, आणि जुनी चौकोनी पिछाडी काढून गोलाईची, लंबवर्तुळाकार बसवली. हार्टलपूलला आज दिसते ती हीच. तुम्ही १८१७ चं मॉडेल करत असाल तर हार्टलपूलचे पिछाडीचे फोटो बाजूला ठेवा. १८४७ नंतरचं करत असाल तर १८१७ ची शीट बाजूला ठेवा. दोन्ही एकत्र ठेवून मेळ घालत बसलात तर आयुष्य जाईल.

आता त्या कार्यालयाबद्दल. त्या काळच्या सरकारी ड्रॉइंगमध्ये मूळ रेषा एका शाईत आणि नंतरचे बदल दुसऱ्या रंगाच्या शाईत काढायची पद्धत होती. म्हणजे एकाच कागदावर दोन जहाजं असू शकतात, आणि ती वेगळी ओळखायची खूण फक्त रंग. मला आलेली प्रत काळी-पांढरी होती. पिछाडीच्या टोकाला दोन वक्र जवळजवळ एकमेकांवर चढलेले, मध्ये नखाएवढी फट. ती फट बघून कुणालाही वाटेल की फळीची जाडी दाखवली आहे. मीही त्या जाडीनेच पिछाडीची चौकट कापली, वर क्वार्टर गॅलरी (पिछाडीच्या दोन्ही बाजूंचे खिडक्यांचे सज्जे) बसवली, खिडक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. वरच्या डेकची कड आणून जोडायला गेलो तेव्हा ती हवेत लटकली. पिछाडी करवतीने कापून काढावी लागली. त्यात शिवण लाकडाचा जो तुकडा गेला तो मला परत तसा मिळाला नाही.

मी लिहिलं, की रंगीत प्रत हवी होती, किमान दोन शाया आहेत एवढी सूचना तरी द्यायची. उत्तर आलं, शीटचा क्रमांक बरोबर आहे, प्रत वाचण्यायोग्य आहे, तक्रार बंद. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच पत्र, फक्त तारीख बदललेली. फोन केला तर सांगितलं की रंगीत प्रतीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क. म्हणजे रंगीत प्रत मिळत होती! अर्जाच्या फॉर्मवर त्याचा कुठे उल्लेख नव्हता. ज्यांच्या हातात मूळ कागद आहे त्यांना लाल रेघ दिसते, मग 'यात नंतरचे बदल आहेत' एवढं एक वाक्य लिहायला काय जातं? असो. नियमात बसणारं उत्तर देऊन मोकळं होणं ही एक कला आहे आणि ती त्यांना उत्तम जमते. दरवेळी तीच माणसं असतील असं नाही, तुम्हाला चांगला कर्मचारी भेटला तर माझा राग विसरा.

माझा सल्ला, आणि हा फक्त माझा आहे, इथले दुसरे सदस्य वेगळं सांगतील: जहाजाचं नाव लिहून ड्रॉइंग मागूच नका. साल लिहून मागा, 'बांधलं तसं' की 'नंतर बदललं तसं' हे लिहा, रंगीत प्रत मागा, आणि शीटवर किती शाया आहेत ते लेखी विचारा. शेवटच्या प्रश्नावर ते चिडतात. चिडू द्या.

प्रत आल्यावर लगेच मोजा. लेडा वर्गात तोफांच्या डेकची लांबी साधारण १५० फूट, रुंदी जेमतेम ४० फूट. १:९६ ला ती लांबी सुमारे ४७.६ सेंमी भरायला हवी. कागद दोनशे वर्षांत आक्रसतो, आणि लांबीत व रुंदीत सारखा आक्रसत नाही, त्यात झेरॉक्सवाला 'फिट टू पेज' दाबतो. म्हणून दोन्ही दिशांनी मोजा. एका दिशेने मोजून टक्केवारीने मोठं केलं की जहाज बुटकं होतं.

फोटो शोधताना 'फुद्रॉयाँ' या नावानेही शोधा. १८९७ मध्ये जेफ्री व्हीटली कॉब यांनी 'त्रिंकोमाली' भंगारातून वाचवली आणि ब्लॅकपूलला फुटलेल्या आपल्या आधीच्या प्रशिक्षण जहाजाचं नाव तिला दिलं. विसाव्या शतकातले बरेच फोटो त्याच नावाखाली आहेत. पण नीट बघा, त्या नावाचं खरं जहाज नेल्सनच्या काळातलं ८० तोफी होतं, त्याची चित्रंही मध्ये येतात.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, पुढे मुंबईचीच 'सॅल्सेट' करायचा बेत असेल (म्हणजे आपली साष्टी, १८०५, मुंबईत ब्रिटिश आरमारासाठी बांधलेलं पहिलं जहाज), तर अजून जपून. तिथे 'पिट', 'सॅल्सेट' आणि 'डोरिस' ही नावं दोन जहाजांमध्ये फिरली आहेत. नाव बघून ड्रॉइंग मागवलं तर भलतंच जहाज घरी येईल. तिचा नमुनाही 'लेडा'चा नव्हे, जुन्या 'पर्सिव्हिअरन्स' वर्गाचा आहे.

स्कॉटलंडमधल्या डंडीला 'युनिकॉर्न' (१८२४) उभी आहे, तीही लेडा रेषांचीच. आतल्या डेकची कल्पना यायला तिचे फोटो छान, पण तिच्यात ब्रिटिश आरमाराचे जहाजबांधणीकार सेपिंग्ज यांची नंतरची बांधणी आहे आणि पिछाडीही गोल. १८१७ च्या मॉडेलला तिच्यावरून पिछाडी घेऊ नका. मुंबईत लायन गेटच्या आत जाऊन मूळ गोदी बघता येईल का असं तुम्ही विचारलंय. तो नौदलाचा भाग आहे, पर्यटक म्हणून नाही जाता येत. आणि बघूनही पिछाडीचा प्रश्न सुटणार नाही.

लाकडाबद्दल: मूळ सागाचं म्हणून मॉडेलही सागाचंच करायचा मोह आवरा. १:९६ ला सागाचे रेषे दोरखंडासारखे दिसतात. हळदू घ्या, बारीक दाण्याचा असतो, कडा स्वच्छ निघतात. तळाच्या तांब्याचे पत्रे मुळात ४ फूट बाय १४ इंच, म्हणजे तुमच्याकडे साधारण १२.७ बाय ३.७ मिमी. बाजारातल्या तयार पट्ट्या बहुतेक जाड असतात, पातळ फॉइल कापलेलं बरं.

आता एक करा. तुमच्या शीटच्या कोपऱ्यातला मजकूर आणि पिछाडीचं टोक, दोन्हींचे जवळून फोटो इथे टाका, प्रत काळी-पांढरी असली तरी चालेल. दोन वक्र दिसले आणि आतला वरच्या डेकच्या कडेला जाऊन मिळत असेल, तर कोणती रेघ १८१७ ची ते आपण बसून ठरवू. तोवर पिछाडीला गोंद लावू नका.